विल्सन नावाचे किती विल्सन?

चहाटळ (धागाकर्ता)

मागच्या महिन्यात सहकुटुंब भंडारदऱ्याला गेलो होतो. धरणापाशी गाडी लावली आणि बाबांनी छाती फुगवून जाहीर केलं, "विल्सन डॅम! आमच्या कॉलेजचाच विल्सन बरं का हा." बाबा विल्सन कॉलेजचे. चौपाटीसमोरच्या त्या काळ्या इमारतीत चार वर्षं काढली, त्याची खुमखुमी अजून आहे.

लेक सातवीत. तिने विचारलं, "आजोबा, तो तर पाद्री होता ना? मग धरण कशाला बांधेल?"

बाबा म्हणाले, "पूर्वीची माणसं सगळंच करायची."

तेवढ्यात डिकीतून सामान काढताना तिची टेनिसची रॅकेट बाहेर आली. तिच्यावरही विल्सन. तिने ती आजोबांसमोर धरली आणि काही न बोलता नुसत्या भुवया उडवल्या. बाबा चहाची टपरी शोधायला निघून गेले.

घरी आल्यावर शोधाशोध केली. निकाल असा:

कॉलेजवाले डॉ. जॉन विल्सन. स्कॉटलंडमधल्या लॉडर गावचे, जन्म १८०४. मिशनरी म्हणून १८२९ साली मुंबईत आले, १८३२ साली गिरगावात आंब्रोलीला शाळा काढली, तिचंच पुढे कॉलेज झालं. वारले १८७५ साली. चौपाटीची ती इमारत १८८९ ची. म्हणजे बाबा ज्या जिन्यावर बसून डबा खायचे तो जिना या विल्सनने बघितलासुद्धा नाही.

धरणवाले सर लेस्ली विल्सन. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर, १९२३ ते १९२८. धरणाचं काम १९१० पासून चाललं होतं. डिसेंबर १९२६ मध्ये उद्घाटन यांच्या हातून झालं, म्हणून नाव यांचं. धरणाची उंची २७० फूट, त्यातला एक फूटही त्यांनी बांधला नसणार.

रॅकेटवाले थॉमस विल्सन, शिकागोचे. धंदा मांसाचा! कत्तलखान्यात उरणाऱ्या आतड्यांचं करायचं काय, म्हणून त्या कंपनीने टेनिस रॅकेटच्या तारा, व्हायोलिनच्या तारा आणि शस्त्रक्रियेचे दोरे बनवायला घेतले. त्यातून खेळाच्या सामानाचा धंदा निघाला. १९१५ च्या सुमारास थॉमसराव प्रमुख झाले आणि नाव लागलं. लेकीला हे सांगितल्यापासून ती रॅकेटला हात लावण्याआधी वास घेते.

तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तर मंडळी, आणखी विल्सन आणा. अट एकच: आडनाव विल्सन पाहिजे. पहिलं नाव विल्सन असेल तर बाद.

भाषावेडी

मस्त धागा. आडनावाचा अर्थ आधी सांगून टाकते. विल्सन म्हणजे विलचा मुलगा. विल म्हणजे विल्यम. आपण आडनावात गाव ठेवतो, तिकडे बरेच जण बाप ठेवतात: जॉन्सन, जॅक्सन, रॉबिन्सन सगळे त्यातलेच. आपल्याकडे बापाचं नाव मधल्या जागी येतं आणि पिढीगणिक बदलतं. तिकडे कधीतरी ते गोठलं आणि मग पणतूसुद्धा विलचाच मुलगा राहिला. विल्यम गल्लोगल्ली होते, त्यामुळे विल्सनही गल्लोगल्ली झाले, विशेषतः स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडात. स्कॉटलंडमध्ये स्मिथ आणि ब्राऊनच्या पाठोपाठ विल्सनच येतात.

तेव्हा दोन विल्सनांचं नातं शोधणं म्हणजे सांगलीचे पाटील जळगावच्या पाटलांचे कोण, असं विचारण्यासारखं आहे.

गिरगावकर_जुना

चहाटळ, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. आमच्या आजीच्या तोंडी ते 'इल्सन कालेज' होतं.

जॉन विल्सनबद्दल थोडं. हा माणूस मराठी नुसता शिकला नाही, मराठीत भांडला. १८३० च्या आसपास मुंबईत पंडितांशी त्याचे जाहीर वाद झाले. मोरभट दांडेकरांनी त्याला उत्तर म्हणून 'श्रीहिंदुधर्मस्थापना' लिहिलं, १८३१ साली. विल्सनने लगेच पुढच्या वर्षी त्याचं खंडन छापलं. छापखाना नुकता रुळतोय, मराठी वर्तमानपत्रं अजून यायचीत, आणि गिरगावात पुस्तकाला पुस्तकाने उत्तर दिलं जातंय. ते भांडण धर्माचं होतं हे खरं, पण मराठी गद्याला त्यात बराच व्यायाम झाला असं माझं मत.

१८३९ साली पारशी मुलांच्या धर्मांतरावरून मात्र मोठं वादळ उठलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि पालकांनी मुलं शाळेतून धडाधड काढली. हे कौतुकाच्या ओघात विसरू नये.

त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या, त्याही सावित्रीबाईंच्या शाळेच्या दीड दशक आधी. १८३५ सालीच त्या गेल्या. त्यांच्या नावाचं धरण नाही की रॅकेट नाही.

सुगरण_नसलेली

मेघदूताचं इंग्रजी भाषांतर केलं ते हेच का विल्सन? कॉलेजात संस्कृतच्या बाईंनी सांगितलेलं आठवतंय.

तळटीप

नाही. ते होरेस हेमन विल्सन. मुंबईचे नव्हे, कलकत्त्याचे. ही गल्लत छापील पुस्तकांतही बघितली आहे, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका.

होरेस हे कंपनीचे डॉक्टर, १८०८ साली कलकत्त्याला आले. नाण्यांतलं सोनं-चांदी तपासायची विद्या येत होती म्हणून टांकसाळीत चिकटले आणि उरलेल्या वेळात संस्कृत शिकले. मेघदूत १८१३ साली, संस्कृत-इंग्रजी कोश १८१९ साली. सतीबंदीचा कायदा करू नये असं त्यांचं मत होतं. लोकांच्या धर्मात सरकारने हात घालू नये, हा मुद्दा.

आता गंमत बघा. १८३२ साली ऑक्सफर्डला संस्कृतचे पहिले बोडेन प्राध्यापक म्हणून यांची निवड झाली. त्या जागेला पैसा दिला होता बोडेन या मुंबईच्या पलटणीतल्या लष्करी अधिकाऱ्याने, आणि हेतू हिंदूंचं धर्मांतर सुकर व्हावं हा. म्हणजे एकाच वर्षी एक विल्सन धर्मप्रसारासाठी गिरगावात शाळा काढतोय आणि दुसरा धर्मप्रसारासाठी ठेवलेल्या पैशातून ऑक्सफर्डला कालिदास शिकवायला निघालाय.

आपल्या जॉन विल्सनचंही एक काम असंच बाजूला पडलंय. गिरनारच्या अशोकलेखाची प्रत त्याच्यामार्फत जेम्स प्रिन्सेपकडे गेली, आणि ब्राह्मी लिपी उलगडल्यावर प्रिन्सेपने ज्या लेखांवर काम केलं त्यांत ती होती.

हिशेबनीस

तुम्ही सगळे ज्याला दरवर्षी जुलैमध्ये शिव्या घालता तो विल्सन कसा विसरलात?

जेम्स विल्सन. हिंदुस्थानात प्राप्तिकर आणणारा माणूस. १८५७ च्या उठावात कंपनी सरकारची तिजोरी खडखडीत झाली होती, ती भरायला याला लंडनहून पाठवलं. १८६० साली पहिलं अंदाजपत्रक मांडलं आणि त्यातच प्राप्तिकर. वर्षाला २०० रुपयांच्या वर कमाई असेल तर २ टक्के, ५०० च्या वर ४ टक्के. स्लॅब तेव्हापासून आहेत, मंडळी.

मूळचा टोप्या बनवायच्या धंद्यातला. 'इकॉनॉमिस्ट' हे साप्ताहिक १८४३ साली यानेच काढलं आणि पुढे चार्टर्ड बँकही. कलकत्त्याला येऊन वर्ष व्हायच्या आत, ऑगस्ट १८६० मध्ये, आमांशाने गेला. कर मात्र राहिला.

आता चहाटळच्या बाबांसाठी खास. या देशाचं पहिलं बजेट एका विल्सनने मांडलं आणि सर्वांत जास्त म्हणजे दहा बजेटं मांडली मोरारजी देसाईंनी. मोरारजी कुठल्या कॉलेजचे? विल्सन!

गिरगावकर_जुना

हिशेबनीस, दंडवत. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बाळासाहेब खेरही विल्सनचेच.

तळटीप

आणि जेम्सचं गाव हॉइक, जॉनचं लॉडर. दोन्ही स्कॉटलंडच्या सीमाभागातली, सकाळी निघालात तर जेवायच्या आत पोचाल इतकी जवळ. एकाचा जन्म १८०४ चा, दुसऱ्याचा १८०५ चा. नातं नाही.

क्यू_आणि_खडू

विल्सन जोन्स! पुण्यात जन्मले, १९२२ साली. १९५८ साली कलकत्त्याला बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते, १९६४ साली न्यूझीलंडमध्ये पुन्हा. कुठल्याही खेळात जगज्जेता झालेला पहिला भारतीय. पुणेकरांनी नोंद घ्यावी.

चहाटळ

बाद. पहिलं नाव आहे.

क्यू_आणि_खडू

हा काय नियम? कत्तलखान्याचा मालक चालतो आणि आपला पुण्याचा जगज्जेता चालत नाही?

भाषावेडी

चहाटळ, नियम सैल करा. आडनाव स्थलांतर करून पहिलं नाव होतं हाच तर खरा किस्सा आहे. दक्षिणेत ख्रिस्ती घरांमध्ये विल्सन हे सरळ मुलाचं नाव असतं. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध उभं आयुष्य लढणारे बेझवाडा विल्सन यांना २०१६ साली मॅगसेसे मिळाला, ते कोलारच्या सोन्याच्या खाणीच्या वस्तीतले. तिथे विल्सन म्हणजे विलचा मुलगा नाही, बेझवाडांचा मुलगा.

चहाटळ

बरं बाबा, नियम मागे. जोन्स आत.

डॉ_निशिगंध

आमच्या धंद्यातला विल्सन जरा वेगळा आहे. विल्सन डिसीज. सॅम्युअल अलेक्झांडर किनियर विल्सन या न्यूरॉलॉजिस्टने १९१२ साली त्याचं नीट वर्णन केलं. शरीरातलं जास्तीचं तांबं यकृताने पित्तावाटे बाहेर टाकायचं असतं. एका जनुकातल्या दोषामुळे ते जमत नाही, मग तांबं आधी यकृतात आणि नंतर मेंदूत साठत जातं.

रेसिडेन्सीत असताना एक मुलगा आला होता, बारावीचा. आईची तक्रार एवढीच की याचं अक्षर बिघडलंय. सहावीची वही आणि बारावीची वही दोन्ही घेऊन आली होती. सहावीत मोत्यासारखं, बारावीत मुंग्या चालल्यासारखं. चिडचिड वाढलेली, हात थरथरायचा, घरच्यांना वाटलं अभ्यासाचं टेन्शन. आमच्या सरांनी त्याला खिडकीपाशी उभं केलं आणि टॉर्च तिरका धरून डोळ्यात बघितलं. बुबुळाच्या कडेला सोनेरी-तपकिरी कडं, कल्हई उडालेल्या भांड्याच्या काठासारखं. तेच ते तांबं. पुढे रक्त-लघवीच्या तपासण्या वगैरे झाल्या, पण निदान खिडकीपाशीच झालं होतं.

वेळेत कळलं तर गोळ्यांवर माणूस ठणठणीत राहतो, फक्त गोळ्या जन्मभर. उशीर झाला तर यकृत बदलायची वेळ येते.

नेहमीचा प्रश्न येणार म्हणून आधीच सांगते: तांब्याच्या हंड्यातलं पाणी प्यायल्याने हा आजार होत नाही. तो आई आणि वडील दोघांकडून दोषी जनुक आलं तरच होतो. म्हणूनच मामाच्या मुलीशी लग्न होणाऱ्या घरांत शक्यता वाढते. मात्र ज्याला हा आजार आहे त्याने तांब्याची भांडी वापरायची नाहीत. आणि एकाला निघाला तर सख्ख्या भावंडांची तपासणी करायचीच, ती दिसायला कितीही धडधाकट असोत.

सुगरण_नसलेली

बापरे. वह्यांचं वाचून काटा आला. मुलगा बरा झाला का?

डॉ_निशिगंध

हो. अक्षर पहिल्यासारखं नाही झालं, पण सही करतो नीट.

अंकगणपती

आता जरा गणित. कुठलीही मूळ संख्या घ्या, समजा ७. तिच्याआधीच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार करा: १ × २ × ३ × ४ × ५ × ६ = ७२०. त्यात १ मिळवा, ७२१. याला ७ ने पूर्ण भाग जातो, १०३ वेळा. मूळ नसलेली ६ घेऊन बघा: १२० अधिक १ म्हणजे १२१, भाग जात नाही. हे मूळ संख्यांनाच लागू पडतं आणि नेहमी लागू पडतं. नाव विल्सनचा प्रमेय.

कुठला विल्सन? आणखी एक जॉन. केंब्रिजचा विद्यार्थी. त्याला हे दिसलं, पण सिद्ध करता आलं नाही. त्याच्या गुरूने १७७० साली याच्या नावावर छापलं, पण सिद्धता गुरूलाही जमली नाही. ती दिली लाग्रांजने १७७१ साली. आणि त्याच्या सात-आठशे वर्षं आधी इब्न अल-हैथम याला हे माहीत होतं. विल्सनसाहेब तोवर गणित सोडून वकिलीत गेले होते, पुढे न्यायाधीश झाले. सिद्धता न देता प्रमेयावर नाव लागणं यासारखं नशीब नाही.

अवांतर: ५ घेतला तर २४ अधिक १ म्हणजे २५, भाग एकदा नव्हे दोनदा जातो. असं होणाऱ्या मूळ संख्या आजवर तीनच सापडल्यात: ५, १३ आणि ५६३. रात्री झोप येत नसेल तर चौथी शोधा.

हंट्सविलवासी

मी अलाबामात राहतो. आमच्याकडेही विल्सन डॅम आहे! टेनेसी नदीवर, मसल शोल्सला, घरापासून तासाभरावर. मात्र तो वुड्रो विल्सन, अमेरिकेचा अध्यक्ष. धरण पुरं झालं १९२४ साली. भंडारदऱ्याचं १९२६. दोन वर्षांच्या अंतराने दोन विल्सन धरणं, दोन वेगळे विल्सन. इथल्या मराठी मंडळींना सहलीला नेतो तेव्हा कोणी ना कोणी म्हणतंच, "अरे, भंडारदरा!"

तळटीप

वुड्रो विल्सनचं नाव निघालं म्हणून. पहिलं महायुद्ध संपताना त्याने राष्ट्रांच्या स्वयंनिर्णयाची भाषा केली, तेव्हा सगळ्या गुलाम देशांना वाटलं हा आपल्यासाठी बोलतोय. लोकमान्य टिळक तेव्हा चिरोल खटल्यासाठी लंडनमध्ये होते. १९१९ च्या सुरुवातीला त्यांनी विल्सनला पत्र लिहिलं की हिंदुस्थानालाही हे तत्त्व लावा. विल्सनच्या चिटणिसाकडून आभाराचं पत्र आलं. त्यापलीकडे काही झालं नाही.

आणि भंडारदऱ्याचे लेस्ली विल्सन म्हणजे १९२८ च्या बारडोली सत्याग्रहाच्या वेळचे गव्हर्नर. शेतसारावाढीवरून वल्लभभाई ज्या सरकारशी लढले ते यांचंच. शेवटी चौकशी मान्य करावी लागली. तिसरे हॅरॉल्ड विल्सन, ब्रिटनचे पंतप्रधान. १९६५ साली कच्छच्या रणावरून भारत-पाकिस्तान भिडले तेव्हा शस्त्रसंधी त्यांच्या मध्यस्थीने झाली. विल्सन आणि आपण, असा एक स्वतंत्र ग्रंथ होईल.

रानपाखरू

पक्ष्यांकडे कोणीच कसं वळलं नाही अजून? विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल. अंटार्क्टिकाच्या बाजूला घरटी करतो आणि तिकडे हिवाळा लागला की विषुववृत्त ओलांडून आपल्या अरबी समुद्रात येतो. किनाऱ्यावरून सहसा दिसत नाही, खोल पाण्यात जावं लागतं.

मी मालवणहून बोटीने गेलो होतो, तेव्हा पहिल्यांदा बघितला. बुलबुलाएवढा जीव, काळपट, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. बोटीवरच्या मामांनी माशांची आतडी पाण्यात टाकली तसे सात-आठ जण कुठून तरी आले. पंख वर धरून, लांब पाय खाली सोडून पाण्यावर टपटप पावलं टाकतात, बसत नाहीत. तापल्या वाळूवर अनवाणी चालावं तसे. लाटा पुरुषभर उंच, आणि हा पन्नास ग्रॅमसुद्धा वजन नसलेला पक्षी त्यांवर चालतोय. मला तोवर बोट लागून दोनदा उलटी झाली होती.

नाव अलेक्झांडर विल्सनवरून. हा स्कॉटलंडच्या पेझलीचा विणकर. मागावर काम करता करता कविता करायचा. गिरणीमालकाविरुद्ध कविता लिहिली म्हणून तुरुंगात गेला, मग अमेरिकेला निघून गेला आणि तिथले पक्षी शोधत रानोमाळ फिरला. अमेरिकेत पक्षिशास्त्राची सुरुवात त्याच्यापासून धरतात.

पॅसाडीनाकर

आमच्या घराच्या गच्चीतून माउंट विल्सन दिसतो. लॉस एंजेलिसच्या डोक्यावरचा डोंगर, साधारण १७०० मीटर. नाव बेंजामिन विल्सनचं. याचे द्राक्षमळे होते. दारूच्या पिंपांना लाकूड हवं होतं म्हणून त्याने १८६४ साली डोंगरावर पायवाट काढली. लाकूड काही मनासारखं मिळालं नाही, वाट मात्र राहिली.

पुढे त्याच डोंगरावर वेधशाळा झाली. तिथल्या १०० इंची दुर्बिणीतून १९२३ साली एडविन हबलने देवयानी दीर्घिकेतला एक तारा टिपला आणि ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे सिद्ध केलं. काही वर्षांनी विश्व प्रसरण पावतंय हेही तिथल्याच कामातून निघालं. पिंपाच्या लाकडाची वाट विश्वाच्या टोकापर्यंत गेली म्हणायची.

आता पुढचा योगायोग. प्रसरण मागे मागे नेलं तर सुरुवात महास्फोटाची. त्याचा पुरावा कोणाला सापडला? रॉबर्ट विल्सनला. तो आणि आर्नो पेन्झियास १९६४-६५ साली न्यू जर्सीत एका मोठ्या कर्ण्यासारख्या अँटेनावर काम करत होते. कुठेही रोखली तरी बारीक खरखर यायची. आत कबुतरांचा संसार होता, वाटलं त्यांची घाण. कबुतरं हाकलली, विष्ठा खरवडून काढली, खरखर तशीच. ती विश्वाच्या बालपणीची उरलेली ऊब निघाली. १९७८ साली नोबेल.

हिशेबनीस

म्हणजे आमच्या सोसायटीतल्या कबुतरांवरही आशा ठेवायला हरकत नाही.

कडेकपारी

इतका वेळ वाचत होतो. माझा विल्सन सगळ्यात शेवटी आणतोय कारण तो भंडारदऱ्यापाशीच नेऊन सोडणार आहे.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. पाऊस ओसरताना, भाद्रपदात, आम्ही सकाळी कड्यावर होतो. खाली कोकणात ढग तुडुंब. पाठीमागून ऊन आलं आणि खालच्या ढगावर माझी सावली पडली. सावलीच्या डोक्याभोवती गोल इंद्रधनुष्य. अर्धं नाही, पूर्ण कडं. मी हात हलवला तर सावलीनेही. शेजारच्या मित्राला विचारलं, माझ्याभोवतीचं कडं दिसतंय का? तो म्हणाला, नाही, माझ्याच डोक्याभोवती आहे. ज्याला त्याला आपापल्याच डोक्याभोवती दिसतं. मिनिटभरात ढग वर चढला आणि सगळं पुसलं गेलं. हेच ते इंद्रवज्र.

१८९४ सालच्या सप्टेंबरात चार्ल्स विल्सन नावाचा पंचविशीतला पोरगा स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस शिखरावरच्या वेधशाळेत काही आठवडे कामाला होता. त्याने तिथे असंच ढगावर पडलेलं कडं आणि सावली बघितली. खाली उतरला तो ध्यास घेऊन, की हा ढग आपण प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात बनवायचा. दमट हवा भरायची आणि भांडं एकदम पसरवायचं. हवा झटकन गार होते आणि धुकं धरतं. करता करता त्याला कळलं की धूळ नसली तरी विद्युतभारित कणांवर थेंब धरतात. मग भांड्यातून किरणोत्सारी कण गेला की त्याच्या वाटेवर थेंबांची बारीक रेघ उमटते, विमान गेल्यावर आभाळात उमटते तशी. १९११ साली त्याने त्या रेघांचे फोटो काढले. अणूच्या आतले कण कोणी बघितले नव्हते, त्यांची निदान पावलं दिसली. त्याच पद्धतीने १९३२ साली पॉझिट्रॉन सापडला. विल्सनला नोबेल १९२७ साली.

बेन नेव्हिसवर दिसलेलं कडं आणि कोकणकड्यावरचं इंद्रवज्र एकच. हरिश्चंद्रगड आणि भंडारदरा दोन्ही एकाच अकोले तालुक्यात. चहाटळ, तुम्ही बरोब्बर तालुक्यात गेला होतात, फक्त चुकीच्या विल्सनपाशी उभे होतात.

अंकगणपती

कडेकपारी, उभा राहून टाळ्या.

क्यू_आणि_खडू

+१. डोंगरवाले, मॉरिस विल्सन राहिला की.

कडेकपारी

तो वेडा! इंग्लंडच्या ब्रॅडफर्डचा. गिर्यारोहणाचा अनुभव शून्य, विमान चालवायलाही नव्याने शिकला आणि १९३३ साली छोट्याशा विमानात बसून एकटा हिंदुस्थानात आला. बेत असा की विमान एव्हरेस्टच्या उतारावर आपटायचं आणि उरलेलं चालत चढायचं. उपास आणि प्रार्थना केली की जमतं म्हणे. परवानगी मिळाली नाही तर दार्जिलिंगहून वेषांतर करून तिबेटमार्गे गेला. १९३४ साली एव्हरेस्टच्या वाटेवरच्या नॉर्थ कोल खिंडीखाली संपला. पुढच्या वर्षीच्या मोहिमेला त्याचा मृतदेह आणि रोजनिशी सापडली. आमच्या ग्रुपमध्ये कोणी दोरी न घेता कडा चढायची भाषा केली की त्याला आम्ही विल्सन म्हणतो.

शेंडीकर

मी भंडारदऱ्याचा, धरणाखालच्याच शेंडी गावचा. धागा वाचून मजा आली. पण एक सांगू का, आमच्याकडे विल्सन डॅम कोणीच म्हणत नाही. आम्ही नुसतं 'धरण' म्हणतो. धरण भरलं, धरण सुटलं. जलाशयाला तुम्ही आर्थर लेक म्हणता, तो आर्थरही साहेबच, पण इथे विचाराल तर लोक तुमच्या तोंडाकडे बघतील. नाव द्यायचंच तर राघोजी भांगऱ्यांचं द्या, अशी इथली जुनी मागणी होती. ते देवगावचे, याच तालुक्यातले. इंग्रजांनी १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं.

विल्सन हे नाव पर्यटकांच्या तोंडी. ते येतात, विचारतात, "विल्सन डॅम किधर है?" आम्ही हात करतो. माझा आजा धरणाच्या कामावरच्या लोकांच्या गोष्टी सांगायचा. दगड कुठून काढला, चुना कुठे मळला, कोण पडलं. त्यात साहेब एकदाही यायचा नाही.

पुढच्या खेपेला जूनच्या तोंडावर या. काजवे असतात. झाडंच्या झाडं एका लयीत पेटतात आणि विझतात. गाडीचे दिवे बंद ठेवा म्हणजे झालं.

चहाटळ

शेंडीकर, मनापासून आभार. सगळा धागा बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. सगळं शांतपणे ऐकलं. मोरारजींचं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे मी चुकीचं काही बोललो नव्हतो. नाव आमच्या कॉलेजचंच आहे."

मी वाद घातला नाही. लेकीने मात्र रॅकेट आणून त्यांच्या मांडीवर ठेवली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात खोल्या मिळतायत का बघतोय.